आधी निदान, मग पाना

वाहन दुरुस्तीच्या धंद्यात आपल्या कारागिरांचा भरणा मोठा आहे. मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरील जुन्या सुट्या भागांचा बाजार असो की जिल्ह्याच्या गावातील स्टँडमागची गॅरेजेस असोत, इंजिन बांधणारे, गिअरबॉक्सवाले, डेंटर, ऑटो इलेक्ट्रिशियन यांत आपली माणसे सर्वत्र दिसतात. त्यांच्या हुनराबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. असे असताना वापरलेली गाडी घेणारा आपलाच छोटा व्यापारी दुरुस्तीच्या खर्चाने बेजार का होतो, हा प्रश्न मला बरीच वर्षे पडला आहे. एक प्रकरण सांगतो.

माझ्या ओळखीच्या एका बेकरीवाल्या बांधवाने दुकानोदुकानी पाव पोचवण्यासाठी वापरलेली व्हॅन घेतली. महिना-दीड महिना बरा गेला. मग वेग चाळीसच्या पुढे गेला की खालून घूंऽऽ असा आवाज येऊ लागला. मोहल्ल्यातल्या मिस्त्रीने एक चक्कर मारली आणि सांगितले, ‘‘शेठ, गिअरबॉक्स गेला.’’ गिअरबॉक्स उतरला. जुन्या बाजारातून दुसरा आणला. खोललेच आहे तर क्लच प्लेटही टाकून घेऊ, असे ठरले. सुटे भाग, ऑइल आणि मजुरी मिळून बावीस हजार गेले, शिवाय चार दिवस भाड्याच्या टेम्पोने पाव पोचवावे लागले. गाडी रस्त्यावर आली तेव्हा आवाज होता तसाच होता. मिस्त्री म्हणाला, आता क्राऊन-पिनियन बघावे लागेल.

तेव्हा तो बांधव माझ्याकडे आला. मी जुन्या गाड्यांच्या खरेदी-विक्रीत आहे, पाना धरणारा नाही. पण आमच्याकडे एक वयस्क फिटर येतात. त्यांनी गाडी मोकळ्या सरळ रस्त्यावर पन्नासच्या वेगाने नेली, क्लच दाबून गिअर न्यूट्रल केला आणि इंजिन मंद सुरूच ठेवले. आवाज जराही बदलला नाही. मग चालत्या गाडीत स्टिअरिंग हलकेच डावी-उजवीकडे घेतले, तेव्हा आवाज कमी-जास्त झाला. परत येऊन मागची चाके जॅकवर घेतली, एकेक चाक हाताने फिरवले आणि दुसरा हात ॲक्सलच्या हाउसिंगवर ठेवला. उजव्या बाजूला खरखर हाताला लागली. चाकाचे बेअरिंग गेले होते. मजुरीसकट काम दोन हजारांच्या आत झाले. तपासायला लागला तो अर्धा तास.

पहिला मिस्त्री लबाड होता काय? मुळीच नाही. मी त्याला ओळखतो. तो गिअरबॉक्स अंधारातही बांधून दाखवील. त्याने तपासले नाही, अंदाज केला. आणि अंदाज करण्याची सवय त्याला आपण ग्राहकांनीच लावली आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

कारण उघड आहे. गाडी खोलली की मजुरी मिळते, सुटा भाग टाकला की दुकानदाराकडून चार पैसे सुटतात, पण अर्धा तास डोके लावून ‘‘तुमच्या गिअरबॉक्सला काही झालेले नाही’’ असे सांगितले तर एक कप चहा मिळतो. डॉक्टरने नाडी पाहिली तर आपण फी देतो. मिस्त्रीने गाडी पाहिली तर म्हणतो, ‘‘नुसते बघायचे कसले पैसे?’’ मग तो तरी बघण्यात वेळ का घालवील?

बिघाड इंजिनाचा की गिअरबॉक्सचा?

निदानाची सुरुवात या प्रश्नापासून व्हायला हवी आणि पाना न लावता याचे उत्तर बरेचसे मिळते. गाडी उभी ठेवून, न्यूट्रलमध्ये, इंजिनाचे आरपीएम वाढवा. आवाज किंवा थरथर तिथेच आली आणि आरपीएमबरोबर वाढली तर दोष इंजिनाकडे किंवा त्याच्या माउंटिंगकडे शोधावा. उभ्या गाडीत काही नाही आणि रस्त्यावर वेगाबरोबर आवाज वाढतो, गिअर बदलला तरी तोच राहतो, तर तो चाके, ॲक्सल किंवा डिफरन्शिअलकडचा असण्याचा संभव जास्त. एकाच गिअरमध्ये येतो आणि दुसऱ्यात जातो, तर गिअरबॉक्सकडे पाहावे. ही चाचणी मोकळ्या रस्त्यावरच घ्यावी. चालत्या गाडीत चावी कधीही बंद करू नये, स्टिअरिंग लॉक होऊ शकते आणि ब्रेकचा बूस्टर मदत करीनासा होतो.

सर्वांत जास्त फसगत ‘‘गाडी ओढत नाही’’ या तक्रारीत होते. ग्राहक पिकअप नाही म्हणतो आणि मिस्त्री इंजिन खोलतो. चढावर ॲक्सिलरेटर दिल्यावर इंजिनाचा आवाज चढतो, पण गाडीचा वेग चढत नाही, असे असेल तर क्लच घसरतो आहे. याची खात्री करणे सोपे आहे. सपाट जागी, पुढे कोणी नाही हे पाहून, हँडब्रेक घट्ट ओढावा, चौथा गिअर टाकावा, थोडे ॲक्सिलरेटर देऊन क्लच सावकाश सोडावा. इंजिन दम तोडून बंद पडले तर क्लच धरतो आहे. इंजिन निवांत चालूच राहिले तर क्लच प्लेट संपली. एकदाच करावे, वारंवार केल्यास चांगली प्लेटही जळेल. उलट, इंजिनाचा आवाजही चढत नाही आणि गाडीही जात नाही, तर क्लच निर्दोष आहे. मग एअर फिल्टर, इंधनाचा दाब, टर्बोचा फाटलेला होज, चोक झालेला सायलेन्सर अशा स्वस्त गोष्टी आधी पाहाव्यात.

गिअर टाकताना कर्रकर्र आवाज आला की ‘‘गिअरबॉक्स उतरवा’’ असा हुकूम होतो. तेथेही थांबावे. गाडी उभी असताना क्लच पूर्ण दाबून दोन-तीन सेकंद थांबा आणि रिव्हर्स टाका. तेव्हाही घासले तर बहुधा क्लच पुरता सुटत नाही. केबलची ॲडजस्टमेंट किंवा हायड्रॉलिकमध्ये हवा हे आधी बघावे. उभ्या गाडीत सगळे गिअर लोण्यासारखे पडतात आणि चालत्या गाडीत फक्त दुसरा घासतो, तर त्याची सिंक्रो रिंग झिजली आहे आणि तिथे गिअरबॉक्स खोलण्याला पर्याय नाही. न्यूट्रलमध्ये क्लच सोडलेला असताना घरघर येते आणि पॅडल दाबताच थांबते, तर गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचे बेअरिंग. पॅडल दाबल्यावर येते, तर रिलीज बेअरिंग. मागच्या चाकांना ओढ देणाऱ्या ओम्नी, ईको, पिकअप अशा गाड्यांत बहुधा चौथा गिअर थेट असतो. पहिल्या तिन्ही गिअरमध्ये गुणगुण आणि चौथ्यात शांतता, तर काउंटर शाफ्टकडे बोट जाते. पुढच्या चाकांना ओढ देणाऱ्या गाडीत स्टिअरिंग पूर्ण वळवून चालवताना कटकट झाली तर तो ड्राइव्ह शाफ्टचा जॉइंट आहे. त्याचा गिअरबॉक्सशी संबंध नाही, तरी त्यापायी गिअरबॉक्स उतरवलेले मी पाहिले आहेत.

एएमटी गाड्या आता वापरलेल्या बाजारात मुबलक आहेत. २०१४ साली सेलेरिओपासून त्यांचा आपल्याकडे प्रसार झाला. त्यांच्यात आत गिअरबॉक्स साधाच असतो, क्लच दाबण्याचे आणि गिअर बदलण्याचे काम यंत्र करते. झटके बसतात म्हणून घाबरून जाण्याआधी बॅटरीचा व्होल्टेज आणि क्लच प्लेटची झीज तपासावी.

इंजिन थंड असतानाच भेटावे

गाडी घेताना विक्रेता ‘‘या, गाडी गरम करूनच ठेवली आहे’’ म्हणाला तर उलट पावली परतावे आणि दुसऱ्या दिवशी सकाळी न कळवता जावे. बॉनेटवर हात ठेवावा. थंड इंजिन जे सांगते ते गरम इंजिन लपवते.

सकाळी पहिल्यांदा सुरू करताच निळा धूर भपकन निघाला आणि मिनिटाभरात गेला, तर बहुधा व्हॉल्व्हचे सील कडक झाले आहेत. हेडचे काम आहे, खालचे इंजिन खोलण्याचे कारण नाही. रस्त्यावर जोर दिल्यावर सतत निळा धूर येतो आणि ऑइलही कमी होते, तर रिंगा किंवा बोअरचा संशय घ्यावा. या दोन धुरांतला फरक न ओळखल्यामुळे किती जणांचे पूर्ण इंजिन बांधले गेले असेल! काळा धूर म्हणजे इंधन जास्त किंवा हवा कमी. पांढऱ्या धुराने मात्र गडबडून जाऊ नये. थंडीत सायलेन्सरमधून वाफ निघते आणि गरम झाल्यावर जाते. गरम झाल्यावरही दाट पांढरा धूर राहतो आणि कूलंट कमी होते, तेव्हा हेड गॅसकेटचा विचार करावा. डिझेल गाडीत सकाळी पांढऱ्या धुराला कच्च्या डिझेलचा वास असेल तर ग्लो प्लग, इंजेक्टर किंवा कमी कॉम्प्रेशन.

ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ मलई दिसली की लोक लगेच ‘‘हेड गेले’’ म्हणतात. गाडी रोज दोन-तीन किलोमीटरच चालत असेल तर ओलाव्यामुळेही झाकणाखाली मलई धरते. डिपस्टिकवरचे ऑइलही दुधाळ आहे काय, हे पाहावे. रेडिएटरचे झाकण इंजिन पूर्ण थंड असतानाच काढावे, गरम असताना काढून तोंड भाजून घेतलेली माणसे आपल्या प्रत्येक गावात आहेत. थंड इंजिन झाकण काढून सुरू केल्यावर पाण्यातून सतत बुडबुडे येत राहिले, किंवा सुरू केल्यापासून मिनिटा-दोन मिनिटांत वरचा होज दगडासारखा कडक झाला, तर सिलिंडरमधला दाब पाण्यात उतरतो आहे.

१ एप्रिल २०२० पासून आलेल्या बीएस-सहा डिझेल गाड्यांत धुरातली काजळी धरणारा फिल्टर असतो. गाडी गल्लीबोळांतच फिरली तर तो जळून साफ होत नाही. साफ करण्यासाठी इंजिन जादा डिझेल टाकते आणि त्यातले काही खाली ऑइलमध्ये उतरते. म्हणून डिपस्टिकवर ऑइल खुणेच्या वर चढलेले दिसले आणि डिझेलचा वास आला, तर ‘‘ही गाडी ऑइल खात नाही’’ म्हणून खूश होऊ नये. पातळ झालेल्या ऑइलवर बेअरिंगे टिकत नाहीत.

चालू इंजिनाचे ऑइलचे झाकण काढून पाहणे, ज्याला गॅरेजमध्ये बॅक कॉम्प्रेशन म्हणतात, ही चाचणी सगळे करतात. हवा जोराने येणे हे लक्षण खरेच आहे, परंतु ब्रीदरची नळी तुंबली असली तरीही तसेच होते. तेवढ्यावर इंजिन बांधायला सांगणे हा अन्याय आहे. पेट्रोल गाडीचे सर्व प्लग काढा, इंधन आणि करंट तोडा, थ्रॉटल पूर्ण उघडा आणि गेज लावून स्टार्टर फिरवा. चांगल्या इंजिनात साधारण दीडशे ते दोनशे पौंड दाब दिसतो. नेमका आकडा कंपनीच्या पुस्तकात पाहावा, पण सिलिंडरांमधला फरक दहा-पंधरा टक्क्यांच्या वर नसावा, हे जास्त महत्त्वाचे आहे. एखादा कमी आला तर प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल टाकून पुन्हा पाहावे. दाब चढला तर रिंगा, न चढला तर व्हॉल्व्ह किंवा गॅसकेट. शेजारचे दोन सिलिंडर कमी असतील तर त्यांच्यामधले गॅसकेट जळाल्याचा दाट संशय. डिझेलमध्ये ऑइल टाकण्याचा हा प्रयोग करू नये, आणि गेजही डिझेलचा वेगळा लागतो.

स्कॅनर घेतला, गेज नाही

आजचे तरुण मिस्त्री स्कॅनर घेतात, ही चांगली गोष्ट आहे. २०१३ पासून आपल्याकडच्या नव्या मोटारींना दुसऱ्या टप्प्याची ओबीडी व्यवस्था लागू झाली, त्यामुळे बहुतेक गाड्या आता आपली तक्रार स्वतः सांगतात. पण ती तक्रार असते, निदान नव्हे. मिश्रणात हवा जास्त असल्याचा कोड आला की ऑक्सिजन सेन्सर बदलला जातो, आणि दोष असतो व्हॅक्यूमच्या चिरलेल्या दहा रुपयांच्या नळीत. मिसफायरचा कोड आला की कॉइल बदलतात. कॉइल शेजारच्या सिलिंडरवर लावून पाहावी, कोड तिच्याबरोबर सरकला तरच ती खराब. याला पैसे पडत नाहीत. माझ्या पाहण्यात अशी गॅरेजेस आहेत जिथे महागडा स्कॅनर आहे, पण कॉम्प्रेशन गेज शेजाऱ्याकडून मागून आणतात.

स्कॅनरचा खरा उपयोग गाडी घेणाऱ्याला आहे आणि तो फार थोडे लोक करतात. विक्रीआधी कोड पुसून दिवा घालवणे ही नित्याची युक्ती झाली आहे. कोड पुसले की गाडीच्या स्वयंतपासण्याही अपूर्ण दिसू लागतात आणि त्या पूर्ण व्हायला काही दिवसांचे चालवणे लागते. बऱ्याच गाड्यांत कोड पुसल्यापासून किती किलोमीटर चालली, तेही दिसते. ‘‘आठवड्यापूर्वी लांबचा प्रवास करून आलो’’ असे विक्रेता सांगत असेल आणि स्कॅनर बारा किलोमीटर म्हणत असेल, तर पुढे बोलण्यासारखे फारसे उरत नाही. चावी फिरवल्यावर, इंजिन सुरू होण्याआधी, इंजिनाचा आणि ऑइलचा दिवा लागलाच पाहिजे. न लागल्यास कोणी तरी तोडला आहे.

विकणाऱ्याने काय करावे?

ऐब सांगून माल विकावा, ही आपल्याकडे व्यापाराची पहिली अट आहे आणि वाचकांना ती मी सांगावी असे नाही. पण माझ्या धंद्यातील भाईबंद एक पळवाट काढतात. ‘‘आम्हाला काय ठाऊक, आम्ही थोडेच मिस्त्री आहोत? जशी आहे तशी घ्या.’’ ठाऊक करून घ्यायचेच नाही, म्हणजे सांगावेही लागत नाही! १ एप्रिल २०२३ पासून वापरलेल्या गाड्यांच्या व्यापाऱ्याला परिवहन खात्याकडून अधिकारपत्र घ्यावे लागते. कागद त्याने स्वच्छ होतील, इंजिन होणार नाही. ज्याला वर्षाला पंधरा-वीस गाड्या विकायच्या आहेत त्याने प्रत्येक गाडीची तपासणी करून लेखी चिठ्ठी गिऱ्हाइकाच्या हातात द्यावी. मी दोन वर्षांपासून देतो. सुरुवातीला दोन सौदे तुटले. दुसऱ्या गिअरची सिंक्रो गेली आहे असे लिहिलेले वाचून कोण घेईल, असे भावानेही मला विचारले. ती गाडी आठ हजार कमी घेऊन गेली, पण घेणारा पुढे आपल्या मेहुण्याला घेऊन आला.

मिस्त्री बांधवांसाठी माझी सूचना अशी. तपासणीची मजुरी ठरवा, पाचशे घ्या, हजार घ्या, आणि पाटीवर लिहा. त्या बदल्यात कागदावर लिहून द्या की काय तपासले, आकडे काय आले, संशय कशावर आहे आणि काय तपासता आले नाही. शेवटचा रकाना कोरा ठेवू नका. खोलल्याशिवाय काही गोष्टी कळत नाहीत, हे लिहिण्यात कमीपणा नाही.

यावर दोन आक्षेप मी ऐकले आहेत. पहिला, गिऱ्हाईक चिठ्ठी घेऊन दुसऱ्याकडे जाईल. जाईल, पण मजुरी देऊन जाईल. आज ते फुकट ऐकून जाते. दुसरा असा की, काम आपल्याकडेच दिले तर तपासणीची रक्कम बिलात वजा करून द्यावी, म्हणजे गिऱ्हाईक नाराज होणार नाही. पुष्कळांना ही तोड आवडते. मला पटत नाही. रक्कम वजा करायची म्हटली की काम निघालेच पाहिजे, अशी ओढ पुन्हा लागते आणि ‘‘गाडीला काही झालेले नाही’’ हे वाक्य पुन्हा महाग पडते. ज्या दिवशी मिस्त्रीला ते वाक्य बोलून पाचशे रुपये मिळतील त्या दिवशी तो ते बोलेल.

गिऱ्हाइकांनीही गाडी आणताना आदल्या दिवशीच आणून ठेवावी, म्हणजे सकाळी ती थंड सापडते. आवाज कधी येतो, कोणत्या वेगाला, गरम की थंड असताना, हे घरूनच कागदावर लिहून आणावे. ‘‘बिस्मिल्ला करून एकदा खोलूनच टाका’’ असे तर मिस्त्रीला कधीच सांगू नये.

बेकरीवाल्या बांधवाचा उतरवलेला जुना गिअरबॉक्स भंगाराच्या भावाने त्याच मिस्त्रीकडे राहिला होता. चार महिन्यांनी तो दुसऱ्या एका व्हॅनमध्ये बसला आणि अजून उत्तम चालतो आहे.